शोषखड्ड्याचं झाकण

राज्यभर बांधकामाची एकच नियमावली येणार म्हणून नाशिकचे पर्यावरणाचे जुने नियम तिच्याशी जुळवून घ्यायचे होते. त्यासाठी नेमलेल्या समितीत साधना होती. वीस वर्षं आर्किटेक्ट, कामाला चोख, म्हणून दोन्ही नियमांचा तक्ता तिच्याकडेच आला. डावीकडे शहराचा नियम, उजवीकडे राज्याचा, शेवटी शिफारस.

बहुतेक नियम सहज जुळले. एक अडला. गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत जिरवायला प्रत्येक नव्या इमारतीला शोषखड्डा लागतो. शहराचा नियम होता की तीन वर्षांनी तो पुन्हा उघडून तपासायचा. राज्याच्या मसुद्यात आर्किटेक्टचा एकदाचा दाखला पुरेसा होता.

साधनाने लिहिलं, ‘फेरतपासणी अनावश्यक. वगळावी.’

कारण तिलाच ठाऊक होतं. मखमलाबादच्या एका इमारतीचं काम चालू असताना ती एकदा जाऊन आली होती, पण शोषखड्डा न पाहताच तिने दाखला दिला होता. बिल्डरचा माणूस खड्ड्याचा फोटो घेऊन ऑफिसात आला होता. फोटोतली भिंत त्या इमारतीची नाही, हे तिला तेव्हाच दिसलं होतं. तरी सही केली होती. येत्या जूनमध्ये त्या इमारतीला तीन वर्षं होणार होती.

हरकती ऐकायला गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात बैठक झाली. दुसऱ्या रांगेतून एक बाई उठली. कुसाबाई. त्याच इमारतीला लागून तिचा झेंडूचा मळा होता.

“तपासणीचा नियम काढू नका,” ती म्हणाली. “शेजारच्या बिल्डिंगचं समदं पानी माझ्या वाफ्यात येतं. दोन वर्षं झाली, झेंडू मुळातून कुजतो. खड्डा हाय म्हणत्यात, मग पानी जातं कुठं?”

अध्यक्षांनी विचारलं, “दाखला कुणाचा आहे?”

“या म्याडमचा.” कुसाबाईने साधनाकडे बोट केलं आणि लगेच हात आवरला. “पण त्यांचा दोष नाय. काम चालू व्हतं तवा माझ्या बांधावर बसून च्या प्याल्या व्हत्या. लय चांगल्या बाई. त्यांना फसवलं असंल त्या लोकांनी.”

सगळे साधनाकडे पाहू लागले. ती नुसती म्हणाली, “मी बघून सांगते.”

बैठकीनंतर ती तडक मखमलाबादला गेली. महेश नावाच्या वॉचमनने पहार लावून शोषखड्ड्याचं झाकण उचललं. खाली खड्डा नव्हताच. सपाट काँक्रीट होतं.

“मॅडम, हे असंच आहे पहिल्यापासून,” महेश म्हणाला. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

ओल्या वाफ्यांतून साधना कुसाबाईकडे गेली. कुसाबाई फुलं तोडत होती. तिने घाईघाईने गोणपाट झटकून बसायला दिलं. साधना उभीच राहिली.

“कुसाबाई, मला कुणी फसवलं नाही. मी खड्डा पाहिलाच नव्हता. फोटो खोटा आहे हे कळत होतं, तरी सही केली. आणि तो नियम काढा, असंही मीच लिहिलंय.”

कुसाबाईचा हात फुलांवर थांबला.

“आन् मी भर सभेत तुमची बाजू घेतली,” ती म्हणाली.

“हो.”

“तवाच बोलायचं व्हतं.”

कुसाबाईने टोपली उचलली आणि ती पुढच्या वाफ्यात गेली.

त्याच आठवड्यात साधनाने समितीला पत्र दिलं. त्यात सहीची सगळी हकीकत होती, शिफारस मागे घेतली होती, राजीनामाही होता. अध्यक्षांनी फोन केला. “एवढं लिहायची गरज नव्हती. नुसता तक्ता बदलला असता तरी चाललं असतं.” तिने पत्र तसंच ठेवायला सांगितलं.

पुढे फेरतपासणीचा नियम शहरापुरता कायम राहिला. साधनाचा दाखले देण्याचा अधिकार वर्षभरासाठी गेला. मे महिन्यात बिल्डरला काँक्रीट फोडावं लागलं. खोदकाम दोन दिवस चाललं, साधना दोन्ही दिवस तिथे उभी होती. खडी, विटा, वाळू, सगळं स्वतः मोजून घेतलं. टँकरचं पाणी ओतलं, ते हळूहळू खाली गेलं.

कुसाबाई बांधावर उभी राहून पाहत होती. तिने मजुरांना चहा दिला. महेशला दिला. साधनाच्या समोरून किटली घेऊन ती घराकडे वळली, आणि साधनाने तिला हाक मारली नाही.