गुरुवारची बैठक

“मत द्यायचं नसेल तर तसं सांगा, ओस्मारीनाबाई,” अध्यक्ष आल्मीर म्हणाले. “पण मतं समसमान पडलीत. तुमच्यावर अडलंय.”

आरोग्य समितीची बैठक नेहमी गुरुवारी, आणि गुरुवार ओस्मारीनाच्या डायलिसिसचा. त्यामुळे रुग्णांची प्रतिनिधी असूनही ती इथे कधी आलीच नव्हती. आज मशीनची पाळी बुडवून आली, कारण डायलिसिसला नेणाऱ्या व्हॅनमधल्या सगळ्यांनी गळ घातली होती.

“शाळेत जेवण वाढताना पोरांना दटावायचीस ना? तसंच यांना दटाव,” म्हातारा जेनिव्हाल म्हणाला होता. “व्हॅन बंद झाली तर शहरात काय रांगत जायचं आम्ही?”

नगरपालिकेकडे पैसा एकाच गोष्टीपुरता होता. रुग्णांना शहरात नेणारी व्हॅन, नाहीतर गावच्या दवाखान्यात रात्रपाळीचा डॉक्टर.

डॉक्टर मागायला जांदीरा उभी राहिली होती. ती ओस्मारीनाची भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिचा नातू जूनमध्ये रात्री धाप लागून गेला. दवाखान्याला कुलूप होतं. त्याच्या बाप्तिस्म्याला ओस्मारीनाच धर्ममाता होती.

जांदीरा फार बोलली नाही. “माझं गेलं ते गेलं,” म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं जाऊ नये, एवढंच.” ओस्मारीनाकडे तिनं पाहिलंही नाही.

“पुढच्या बैठकीत ठरवलं तर?” ओस्मारीनानं आता विचारलं.

“आज ठरलं नाही तर पैसा परत जातो, बाई. मग व्हॅनही नाही आणि डॉक्टरही नाही.”

तिनं खाली बघतच हात वर केला. “व्हॅन,” म्हणाली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. भिंतीला धरून ती चार पावलं गेली आणि थांबली. मागून जांदीरा आली.

“बस इथं पायरीवर. पाय बघ किती सुजलेत.”

जांदीरानं खाली वाकून तिच्या सँडलचे पट्टे सैल केले. कातड्यावर त्यांचे वळ उमटले होते.

“जांदीरा, मी...”

“बोलू नकोस. उद्या घेतील का मशीनवर?”

“घेतील.”

“मग जा.”

जांदीरा गुडघ्यावर हात रेटत उठली. दोघींच्या घरची वाट एकच होती, तरी ती बाजाराच्या अंगानं लांबून निघाली.