पुलाची मावशी

नेदरलँड्समधल्या होफडॉर्पच्या मराठी मंडळाची जाहिरात मोबाइलवर वाचून गुरुनाथपंतांनी चष्मा काढून ठेवला. संस्कृत शिकविण्यात त्यांची हयात गेली होती. पण संस्कृतच्या भक्तांनी त्यांना जितके छळले, तितके निंदकांनीही कधी छळले नव्हते.

कन्या मृण्मयी ग्रोनिंगनला भाषाशास्त्रात पीएचडी करीत होती. उत्तर स्पेनमधील आस्तुरियन भाषेत पुलाला ‘पोन्ते’ म्हणतात, वेल्शमध्ये ‘पोन्त’. या शब्दांवर ती आज मंडळात बोलणार होती आणि अध्यक्षस्थानी पंत होते. जाहिरातीत मात्र झळकत होते: ‘दोन्ही शब्द संस्कृत पन्थापासून! मृण्मयी यांचा क्रांतिकारी शोध.’

“बाबा, माझे गाइड येणार आहेत. त्यांनाही हीच जाहिरात गेलीय, इंग्रजीतून. खोटे दावे करणारी म्हणून नाव झालं, की संपलंच माझं.”

पंतांनी सभागृहाच्या दारातच सचिव सौमित्रला गाठले. “अहो, शब्द लॅटिनचा. आस्तुरियनला तो वारशाने आला, वेल्शने रोमनांकडून उचलला. पन्था ही त्या लॅटिन शब्दाची बहीण. म्हणजे या दोघांची मावशी, आई नव्हे!”

“काका, मावशीला टाळ्या पडत नाहीत हो! तुम्ही समारोपात सांगा ना काय ते.”

“समारोपाला ऐकायला असतं कोण? सगळे वड्यांच्या रांगेत!”

सौमित्र हसत माइककडे गेला आणि पाहुण्यांसाठी खास इंग्रजीतून त्याने तोच दावा ठणकावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या डच गाइडांनी भुवया उंचावून मृण्मयीकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

अध्यक्षाने शेवटी बोलावे, हा संकेत पंतांनी आजवर कधी मोडला नव्हता. ते उठले.

“काका, तुमचं शेवटी!”

“शेवटी तुम्हीच बोला.”

माइक हाती घेऊन, गाइडांकडे पाहत, पंतांनी सावकाश इंग्रजीत सांगितले की हा दावा मंडळाचा आहे, माझ्या मुलीचा नव्हे. आणि तो चूक आहे. मग ते मराठीकडे वळले. “मावशीला आई म्हटल्याने मावशीचा मान वाढत नाही. आईचा मात्र जातो.”

या वेळी टाळी वाजली नाही. मागून कोणीतरी “घरभेदी!” असे पुटपुटले. पंत खाली बसले.

मृण्मयी मान वर करून उठली. “लॅटिनमध्ये पूल ‘तो’ होता. पण आस्तुरियन असो वा वेल्श, दोन्हीकडे पूल हा ‘तो’ नसतो, ‘ती’ असते,” असा तिने इंग्रजीतून आरंभ केला, आणि तिचे गाइड खुर्चीत पुढे सरकले.