तापलेला लॅपटॉप

तिने लॅपटॉप उचलून तळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. नवरा तासाभरापूर्वी केस कापायला गेला होता. तो घरूनच काम करायचा, पण रविवारी त्याच्या कामाच्या खोलीत कुणी फिरकत नसे, आणि लॅपटॉप तर चांगलाच तापला होता.

“यावर कोण बसलं होतं?”

दाराशी उभी असलेली मुलगी मागे सरकली. वय अकरा, घरातलं नाव खारू, कारण एका जागी म्हणून बसायची नाही. आत्ता मात्र ती भिंतीला चिकटून उभी होती.

“खारू, मी काय विचारतेय?”

“मी त्यावर गेम टाकलाय,” खारू म्हणाली आणि रडायलाच लागली. “शहर बांधायचा. वर्गात सगळ्यांकडे आहे. आता बाबाची नोकरी जाणार का?”

हे नोकरी जाण्याचं बाबानेच तिच्या डोक्यात भरवलं होतं. दीड महिन्यापूर्वी तिने लॅपटॉप मागितला, तेव्हा तो म्हणाला होता, “ऑफिसचा आहे तो. गेम टाकलास तर नोकरी घालवशील माझी.” आईनेही मान डोलावली होती. डोलावणारच. ती स्वतः दुसऱ्या एका कंपनीत लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसायची आणि आठवड्यातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला हेच ऐकवायची. ऑफिसचे लॅपटॉप खेळायला नसतात हो. पत्रं लिहा, तक्ते मांडा, मीटिंगा करा. गेममधली चित्रं पळवायला जे बळ लागतं ते त्यांच्यात घातलेलंच नसतं. मग पंखा बोंबलतो, चित्र अडखळतं, आणि वरच्या साहेबांना कळतं ते वेगळंच.

“कधी टाकलास?”

“दोन आठवडे झाले. बाबा बाहेर गेला होता तेव्हा.”

आई खुर्ची ओढून बसली. “रडू नकोस. आत्ता काढून टाकते. कुणाला पत्ता लागणार नाही.” लोकांची असली लफडी पकडण्यात तिचा हातखंडा होता. आज घरचंच निस्तरायचं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली, पण नवऱ्याच्या नोकरीपुढे लाज घेऊन काय करायचं?

“पासवर्ड कुणी दिला तुला?”

“कसला पासवर्ड?”

“गेम टाकताना मागितला असेल ना, कंपनीचा. तो बाबालासुद्धा माहीत नसतो.”

“काहीच नाही मागितलं. मी दाबलं आणि आला.”

“नीट आठव.”

“खरंच, आई.”

तिने लॅपटॉप उलटा केला. कोपऱ्यात कंपनीच्या नंबराची पट्टी असायची. आता तिथे नुसता चिकट चौकोन होता, त्यावर धूळ बसलेली. पट्टी काढायचं हे काम तिने स्वतः कितीदा केलं होतं. नोकरीवरून काढलेल्याला त्याचा जुना लॅपटॉप देऊन टाकायची पद्धत तिच्याही ऑफिसात होती. आधी आतलं सगळं पुसायचं, कंपनीची कुलपं काढायची, आणि शेवटी हेअर ड्रायरने ऊब देऊन ती पट्टी सोलायची. लॅपटॉप हातात देताना त्या माणसाकडे शक्यतो बघायचं नाही.

तिने त्या चिकट चौकोनावरून बोट फिरवलं.

“काढतेयस ना?” खारूने विचारलं.

“थांब जरा.” तिने लॅपटॉप सरळ करून गेम उघडला. तो बंद केलेलाच नव्हता, मागे चालू होता.

खारू तिच्या खांद्यावरून वाकली. “हे मी नाही बांधलं. माझी चार घरं आणि एक शाळा होती. हा पूल कुठून आला?”

नदीवर पूल होता, पलीकडे बाजार होता, दवाखाना होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावलेली. वरच्या कोपऱ्यात खेळाचे तास दिसत होते. त्रेपन्न.

“मी तीन तासपण नाही खेळले, आई. आज तर हातही नाही लावला.”

गेले दोन आठवडे ती रोज कामावरून आली की बंद दार ढकलून आत यायची, लॅपटॉपला हात लावून बघायची. रोज गरम. तिच्या धंद्यात गरम यंत्राचा अर्थ एकच, कामाचा बोजा. बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नाही, असं म्हणून तिने लॅपटॉपखाली ठेवायचा पंखासुद्धा विकत आणला होता. तो “कशाला उगाच” म्हणाला होता आणि ताटात बघून जेवला होता. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याचा त्याहून जास्त.

बाहेरचं दार वाजलं. तो मानेवरचे केस झटकत खोलीत आला, समोर ते शहर बघितलं आणि जागच्या जागी थांबला.

खारू धावली. “बाबा, मीच टाकला. आई काढतेय. तुझी नोकरी नाही ना जाणार?”

त्याने बायकोकडे बघितलं. ‘नाही गं जाणार’ हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते गिळून तिने उत्तर त्याच्यावर सोडलं.

तो खारूसमोर खाली बसला. “तुझ्यामुळे काही झालेलं नाही. माझी नोकरी आधीच गेलीय. तू गेम टाकायच्या आठवडाभर आधी. हा लॅपटॉप त्यांनीच देऊन टाकला, जुना झालाय म्हणाले.”

“नक्की माझ्यामुळे नाही?”

“अगदी नक्की.”

खारूचा जीव भांड्यात पडला. तिने नाक पुसलं, खुर्चीला टेकून शहराकडे बघितलं आणि म्हणाली, “पण बाबा, दवाखाना चुकलाय तुझा. आजारी माणूस पूल ओलांडून कशाला जाईल?”

“पलीकडे जागा होती म्हणून बांधला.”

“मी पंखा आणून दिला तुला,” बायको म्हणाली. ओरडायचं होतं, पण आवाज बारीकच निघाला.

“सकाळी अर्ज पाठवायचो. अकरापर्यंत संपायचे. मग संध्याकाळपर्यंत काय करायचं ते कळायचं नाही.”

“सांगायचं ना.”

“रोज ठरवायचो. तू यायचीस, याला हात लावायचीस आणि म्हणायचीस, किती राबवून घेतात रे तुला. मग नाही जमायचं.”

खारू दवाखान्याकडे जायला नवा रस्ता काढत होती. चित्र अडखळायला लागलं, लॅपटॉप घरघरला. आईने शेल्फवरचा पंखा काढून लॅपटॉपखाली सरकवला आणि बटण दाबलं.

“चित्रं साधी ठेव, नाहीतर बंद पडेल,” ती खारूला म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “उद्यापासून या खोलीचं दार उघडं ठेव.”

“तुम्ही दोघी घरी नसतानासुद्धा?”

“तेव्हासुद्धा.”