नववी पिन

सॉकेटमधली जुनी चिप विजयमालाने दोन्ही टोकांनी हलकेच उचकटली आणि टेबलावर ठेवली.

"बसव आता तुझी," ती ऋतुजाला म्हणाली.

हडपसरच्या या कारखान्यात उसाच्या शेतातल्या पंपांचे कंट्रोलर बनत. त्यांचा बोर्ड विजयमालाने एकवीस वर्षांपूर्वी एकटीने तयार केला होता. आता त्यातली मुख्य चिप बाजारात यायचीच बंद झाली. पर्याय शोधण्यात विजयमालाचे तीन आठवडे गेले. खराडीची नोकरी सोडून नुकत्याच आलेल्या ऋतुजाने तो दोन दिवसांत शोधला. चाळीस पिनांचीच चिप, त्याच सॉकेटात बसणारी. जुना प्रोग्रॅम वाचून नवाही तिनेच लिहिला. तेव्हापासून मालक महिपतराव येता-जाता म्हणू लागले, "ऋतुजाला विचारा." इतकी वर्षं ते "मॅडमना विचारा" म्हणत.

काल दुपारी विजयमालाने नव्या चिपची माहिती वाचायला घेतली आणि ती नवव्या पिनशी थांबली. रीसेटची, म्हणजे चिपला सुरुवातीपासून जागं करणारी पिन. जुन्या चिपमध्ये ती नेमकी उलट चाले. बोर्डात बदल न करता नवी बसवली, तर ती जागीच होणार नव्हती. विजयमालाने कागद मिटले, डबा उघडला आणि सावकाश जेवली. कुणाला काही बोलली नाही.

ऋतुजाने चिप बसवली. महिपतरावांनी बटण दाबलं. बोर्डावरचा दिवा लागला नाही.

"छान," महिपतराव म्हणाले. "विजेची बचत."

ऋतुजाचे कान लाल झाले. विजयमालाने पदराने चष्मा पुसायला घेतला. तिला खाली बघायचं होतं. ऋतुजा बराच वेळ कागद चाळत राहिली.

"रीसेट उलटा आहे, सर. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मॅडम, तुमच्याही नाही आलं?" महिपतरावांनी विचारलं.

आलं होतं म्हणावं, तर गप्प का राहिलात, हे आलंच.

"नाही," विजयमाला म्हणाली.

महिपतरावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मग इथून पुढे हा बोर्ड ऋतुजाच बघेल." आणि ते केबिनकडे गेले.

विजयमाला हातातला चष्मा पुसतच राहिली. ऋतुजाने नवव्या पिनजवळच्या दोन भागांच्या जागा बदलल्या, सोल्डर केलं, बटण दाबलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि मग स्थिर झाला.

"मॅडम, हे तीनदा लुकलुकणं तुमच्या प्रोग्रॅममध्ये होतं, म्हणून ठेवलं. कशासाठी ते मात्र कळलं नाही. काढू का?"

विजयमालाने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कशासाठीच नाही. बोर्ड पहिल्यांदा चालला ना, तेव्हा मला खरंच वाटेना. म्हणून तीनदा."

ऋतुजा हसली नाही. "मग राहू दे," ती म्हणाली.

विजयमालाने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी, जराशी मागेच, बसली.

"बंद कर," ती म्हणाली. "परत एकदा लाव."