उशिरा पोचलेला हौ

बालाघाटच्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोलीत एसी होता, तरी डॉक्टर सुनीतीचं डोकं तापलेलंच होतं. खैरलांजीकडच्या तिच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद करायचा घाट भोपाळात घातला गेला होता. ती बंद झाली की अडलेल्या बाईला ट्रॅक्टरवर घालून वारासिवनी गाठायची. पूर्वी असं काही निघालं की सुनीती भोपाळला जाऊन आरोग्य खात्याच्या साहेबांच्या टेबलापुढे ठाण मांडायची. दोन हजार सहा साली मात्र कुणाला तरी शहाणपण सुचलं, बैठका पडद्यावर घ्या म्हणे!

पडद्यावर साहेब आले. त्यांचं तोंड आधी हलायचं, आवाज मागून रखडत यायचा.

"बालाघाट, आवाज़ आ रही है?"

"हौ सर," असा होकार देऊन सुनीती तावातावाने बोलायला लागली. साहेबांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. त्यांना घाई होती.

"तो वो खैरलांजी वाला डिलीवरी रूम बंद कर दें?"

आणि नेमका तेव्हाच तिचा मघाचा हौ भोपाळला पोचला. तिकडच्या स्पीकरमधून तिचाच आवाज तिला परत ऐकू आला, "हौ सर."

"ठीक है. अगला ज़िला!"

"सर, वो हौ उसका नहीं था!" सुनीती ओरडली. पडद्यावर छिंदवाड्याचे लोक फाईल चाळत बसले होते.

"काहून पाहून राह्यले प्रेमलाल? जोडा न परत!" ती ऑपरेटरवर खेकसली.

"तिकडूनच आपला आवाज कटला मॅडम. मी का करू? पुढच्या महिन्यात सांगजा."

"तोवर बाया थांबतीन का?"

ज्या बायांसाठी भांडायला आली, त्यांचाच दरवाजा तिच्या तोंडच्या शब्दाने लागला होता. परवानगीबिरवानगी गेली खड्ड्यात, म्हणून तिने सरळ भोपाळची गाडी धरली.

साहेबांच्या दारावरचा शिपाई "रुकिए, रुकिए" करत राहिला, ती आत घुसली.

"अरे, आप? आपने ही तो हाँ कहा था," साहेब म्हणाले.

सुनीतीने दोन्ही हात टेबलावर आपटले. "सर, अब आवाज़ आ रही है?"

"हौ," साहेब दचकून म्हणाले. शेवटी तेही भोपाळचेच, तिकडेही होला हौच म्हणतात.

"तो तय हुआ. डिलीवरी रूम चालू रहेगा. आपने हौ कहा."

"अरे, वो हौ तो उसका नहीं था!"

"मेरा भी नहीं था," सुनीती म्हणाली आणि खुर्ची ओढून समोर बसली.