बोडीची माती

तुळसा भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि लाखनीजवळच्या सासरहून रोज एसटीने ये-जा करायची. सासरच्या शेतातली बोडी, म्हणजे लहानसं तळं, उन्हाळ्यात तडकून कोरडी पडे. पाणी साचलं की आठवड्याभरात तिच्यात नखाएवढे, झिंग्यासारखे जीव पोहू लागत. त्यांची अंडी कोरड्या मातीतही जिवंत राहतात. किती वर्षं, हे तुळसाला शोधायचं होतं. पाण्याविना जीव कसा तगला हे कळलं, तर इतर ग्रहांवर तो तगला असेल का याचाही अंदाज येईल, असं तिला वाटे. बोडीची माती तिने १९७२ पासून डब्यांत भरून ठेवली होती.

१९७६ च्या दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी ती कॉलेजातून घरी आली, तेव्हा रिकामे डबे अंगणात पालथे होते.

"आत्याबाई, यातली माती?" तिने सासूला विचारलं.

"चुलीले लावली. चांगली चिकनमाती होती," रंभाबाई म्हणाल्या. "कायले ठेवली होती?"

तुळसाने डबे उचलून आत ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने सगळं समजावून सांगितलं. रंभाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी लगन होऊन आली तवा गुरांच्या कोठ्याची भिंत बांधली. माती त्याच बोडीची आहे."

दोघींनी भिंतीच्या आतल्या बाजूचं ढेकूळ काढलं आणि काचेच्या भांड्यात, बोडीच्या गाळलेल्या पाण्यात भिजत घातलं. काही दिवसांनी त्यात एक पांढुरका ठिपका पोहताना दिसला. रंभाबाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"इतके वर्षं झोपून होता का हा?"

तुळसाला आनंद झाला, पण पाणी फक्त गाळलेलं होतं, उकळलेलं नव्हतं; अंडं त्यातूनही आलं असतं. तिने उकळून गार केलेल्या पाण्यात पुन्हा ढेकळं भिजवली. काहीच निघालं नाही.

त्याच सुमारास रेडिओवर मंगळाची बातमी होती. तिथल्या मातीत काहीतरी घडलं होतं, पण ते सजीवांमुळेच, असं शास्त्रज्ञ म्हणत नव्हते.

"मंग आपल्या भांड्यातला तो जीव आला कुठून?" रंभाबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. पाण्यातूनच आला असन."

"मी डोळ्यानं पाह्यला."

"मीबी पाह्यला, आत्याबाई. पण तेवढ्यावर लिहिता येत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तिने नव्याने माती भरली. रंभाबाई त्या डब्यांना कोणाला हात लावू देत नसत. नऊ वर्षांनी त्या मातीतून जीव निघाले, अगदी उकळून गार केलेल्या पाण्यातही. तुळसाचा शोधनिबंध एका नियतकालिकात छापून आला, तेव्हा रंभाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने अंक कपाटात ठेवला आणि सकाळच्या एसटीने कॉलेजला गेली.