खात्रीलायक सूत्र

रविवार उजाडला की लोक आधी आप्पांचा लेख उघडत. खेळाच्या पानावरचं त्यांचं लिखाण म्हणजे तोंडाला चव आणणारं. त्याच वर्तमानपत्रात त्यांची लेक उपसंपादक होती आणि ते पान तीच लावायची.

गेल्या रविवारी आप्पांनी ठोकून दिलं होतं, 'अंतिम सामन्यातला गोल गोलरक्षकाने मुद्दाम सोडला, असे खात्रीलायक सूत्रांकडून समजते.' झालं! फुटबॉल संघटनेने चौकशी लावली आणि त्या गोलरक्षक पोराला घरी बसवलं. काल त्याच्या आईचा कार्यालयात फोन आला. लेकीनेच तो घेतला.

"भांडायला नाही फोन केला, ताई. पोरगं घराबाहेर पडत नाही हो. हे सांगितलं कुणी, तेवढं नाव द्या."

लेकीला रात्रभर ते पोरगं दिसत राहिलं. सकाळी चहा ओतता ओतता तिने विषय काढला.

"आप्पा, सूत्र कोण?"

"सूत्राचं नाव फोडायचं नसतं, बाळा. धर्म आहे तो आपला."

"संपादकांच्या कानात तरी सांगा."

"अगं, आदल्या दिवशी दुसऱ्या पेपरातही आलं होतं की! ते काय झोपेत छापतात?"

तिने तिथल्याच टेबलावरून त्या पेपरच्या बातमीदाराला फोन लावला. तो आप्पांनाही ऐकू जाईल असा हसत सुटला. "मला कुणी सांगितलं म्हणजे? तुझ्या वडिलांनीच! म्हटलं, आप्पा बोलतायत म्हणजे आतली खबर असणार. दिली टाकून."

आप्पांनी बिस्किट बशीत ठेवलं. "मी आपला गप्पांच्या ओघात अंदाज बोललो होतो. त्याने छापल्यावर माझी खात्री पटली."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं! स्वतःचाच अंदाज गावभर फिरून दारात आला, तर आप्पांनी त्याला साक्षीदार म्हणून पाटावर बसवलं होतं.

"मग 'मला वाटतं' असं लिहायचं होतं ना, आप्पा!"

"'मला वाटतं' कोण वाचतं?" आप्पा चिडून म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, याचीच तर लेकीला चीड आली.

कार्यालयात संपादकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आप्पांच्या लेखाचा दुसरा भाग तिच्यापुढे सरकवला. "वाचक तुटून पडलेत. लाव."

"आधी खुलासा छापू."

"स्वतःच्या बापाची अब्रू काढतेस?"

"त्या आईच्या पोराची काढली, तेव्हा नाही विचारलंत. मी लावणार नाही हे पान."

"नको लावूस. दुसरं कुणी लावेल."

खरोखरच शेजारच्या टेबलावरच्याने मान खाली घालून लेख उचलला. तिला किंचाळावंसं वाटलं. तिने फोन ओढला आणि त्या आईचा नंबर फिरवला.

"बाई, सूत्रबित्र कुणी नाही. माझ्या वडिलांनी मनाने लिहिलं आणि छापलं मी. चौकशीत मी हेच सांगायला येते."

पलीकडे बाई रडल्या. मग आवाज सावरून त्यांनी विचारलं,

"याल हो, ताई. पण लोकांनी ते वाचलंय. आता हे छापणार कोण?"